पाठीमागची हवा

वेगवान गाडीचे चित्र काढायला सांगितले की बहुतेक जण नाकापासून सुरुवात करतात. बॉनेट खाली झुकलेले, पुढची काच तिरकी, बंपर जमिनीला टेकेल असा. मग चाके येतात, दारे येतात आणि कागद संपेल तिथे गाडी संपते. हवा कापायची ती पुढच्या टोकाने, हा समज इतका पक्का आहे की वाहन अभियांत्रिकी शिकलेली मुलेही तो सहजी सोडत नाहीत. या पुस्तकाचा विषय त्या चित्रात कागदाबाहेर राहिलेला भाग आहे. रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनाला हवेचा जो अवरोध होतो, त्याचा मोठा हिस्सा वाहनाच्या पाठीशी तयार होतो. पाठ कशी संपते, यावर इंधन, वेग, गाडीची स्थिरता आणि मागच्या काचेवरची धूळसुद्धा अवलंबून असते.

धुळीपासूनच सुरुवात करू, कारण तो पुरावा रोज डोळ्यांसमोर असतो. कच्च्या रस्त्याने आलेल्या हॅचबॅकची पुढची काच एकवेळ बरी दिसेल, मागची मात्र पार माखलेली असते. हॅचबॅकला आणि एसयूव्हीला मागे वायपर द्यावा लागतो; सेडानला बहुधा लागत नाही. एसटीच्या बसची पाठ तर धुळीचा थर घेऊनच आगारात शिरते. गाडी पुढे धावत असताना मागच्या काचेवर धूळ येते कुठून? गाडीच्या मागोमाग एक कमी दाबाचा प्रदेश फरफटत येत असतो. त्यात हवा भोवऱ्यांनी घुसळत असते आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या भोवऱ्यांबरोबर उलटी फिरून काचेवर येते. मागचे दार उघडे ठेवून गाडी चालवू नये असे जे सांगतात, त्याचे कारणही हेच. एक्झॉस्टचा धूर त्याच वाटेने आत ओढला जातो. हा प्रदेश जितका मोठा आणि त्यातला दाब जितका कमी, तितकी गाडी मागे खेचली जाते. अभियंते त्याला वेक म्हणतात, मीही पुढे तोच शब्द वापरणार आहे.

आता एक गोळा घ्या. वस्तूचा आकार हवेला किती जाचक आहे हे दाखवणारा एक आकडा असतो, अवरोध गुणांक, म्हणजे ज्याला सगळे सीडी म्हणतात तो. तो वस्तूच्या आकारमानावर अवलंबून नसतो, घडणीवर असतो. गुळगुळीत गोळ्याचा गुणांक सुमारे ०.४७ आहे. त्याच गोळ्याच्या मागे लांब, हळूहळू निमुळती होत जाणारी शेपूट जोडली आणि पुढच्या बाजूला हातही लावला नाही, तर गुणांक ०.०५ च्या आसपास उतरतो. नऊदशांश अवरोध नुसत्या शेपटीने नाहीसा झाला. माशाचे डोके बोथट असते आणि अंग शेपटीकडे निमुळते होत जाते, हे आपण लहानपणापासून पाहतो. पाण्यात जे खरे, ते हवेतही खरे.

असे का होते, याचे उत्तर मिळायला दीडशे वर्षे लागली. १७५२ मध्ये फ्रेंच गणिती द'अलांबेर याने दाखवले की घर्षणरहित आदर्श द्रवात सम वेगाने जाणाऱ्या वस्तूला अवरोधच होत नाही. गणित बरोबर होते आणि अनुभवाच्या पूर्ण विरुद्ध होते. हा विरोधाभास १९०४ मध्ये लुडविग प्रांटल यांनी हायडेलबर्गच्या गणित परिषदेत वाचलेल्या एका छोट्या निबंधाने सुटला. पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो, त्याला सीमास्तर म्हणतात. पृष्ठभागाला चिकटलेली हवा गाडीच्या सापेक्ष जवळजवळ थांबलेली असते आणि थराच्या वरच्या कडेला ती पूर्ण वेगात असते. घर्षणाचा सगळा खेळ या थरात चालतो. गाडीच्या सर्वांत रुंद भागावरून जाताना हवेचा वेग वाढलेला असतो, दाब उतरलेला असतो. तिथून मागे आकार निमुळता होऊ लागला की हवेने मंद व्हायचे आणि दाब पुन्हा चढायचा, असा क्रम आहे. म्हणजे मागच्या अर्ध्या भागात हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे, चढणीवर जायचे असते. बाहेरची वेगवान हवा ही चढण चढून जाते. सीमास्तरातल्या हवेचा जोर घर्षणात आधीच खर्ची पडलेला असतो. खोपोलीलाच दम गेलेल्या ट्रकने बोरघाट चढायला घ्यावा, तशी तिची गत होते. उतार सौम्य असेल तर शेजारची वेगवान हवा तिला ओढून नेते. उतार तीव्र असेल तर ती थांबते, उलटी फिरते आणि वरचा सगळा प्रवाह पृष्ठभाग सोडून निघून जातो. जिथे प्रवाह सुटला तिथे वेक सुरू झाला. दाब परत चढलाच नाही, म्हणून पुढून दाबणारी हवा आणि मागून ढकलणारी हवा यांचा तोल बिघडला. रस्त्यावरच्या वाहनाचा बहुतेक अवरोध हा असा दाबाच्या फरकाचा असतो. नुसत्या पृष्ठघर्षणाचा वाटा लहान असतो.

त्याची किंमत वेगाप्रमाणे किती झपाट्याने बदलते, ते एका उदाहरणाने पाहू. समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आणि गुणांक ०.३२ अशी एक साधी कार धरा. ताशी ४० किलोमीटरला हवा बाजूला सारण्यासाठी तिला एक अश्वशक्तीदेखील लागत नाही. ताशी १०० ला सुमारे १२ अश्वशक्ती लागते आणि १२० ला २१. बल वेगाच्या वर्गाने वाढते, लागणारी शक्ती घनाने. शहरातल्या रहदारीत या पुस्तकाचा विषय जवळजवळ निरर्थक आहे, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला आणि आता नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. आपल्याकडे हवेच्या अवरोधाचा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत प्रत्यक्षात आला आहे.

युरोपात तो शंभर वर्षांपूर्वी आला. एडमुंड रुम्पलर यांनी १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची मोटार मांडली. विमाने बांधणाऱ्या माणसाने बनवलेली ती गाडी वरून पाहिली तर पुढे गोल आणि मागे निमुळती होती. १९७९ मध्ये फोक्सवागनच्या विंड टनेलमध्ये जतन केलेली तशी एक गाडी तपासली तेव्हा गुणांक ०.२८ निघाला, जो त्या वेळच्या बहुतेक नव्या गाड्यांपेक्षाही कमी होता. त्याच सुमारास पॉल यारे हे फ्रिडरिक्सहाफेनला झेपेलिन हवाई जहाजांवर काम करत होते. हवाई जहाजाचे शास्त्र रस्त्यावर उतरवण्याचे पेटंट त्यांनी मागितले आणि चेक कंपनी टाट्राने १९३४ मध्ये हान्स लेडविंका यांच्या नेतृत्वाखाली बनवलेली टी-७७ ही त्या विचाराची सर्वांत देखणी परिणती. इंजिन मागे, पाठ लांब उतरत जाणारी आणि तिच्या मधोमध उभा पर. त्याच वर्षी अमेरिकेत क्रायस्लरने एअरफ्लो आणली आणि ती बाजारात साफ पडली.

लांब शेपटीची अडचण शास्त्रीय नव्हती, व्यवहाराची होती. मोठ्या गाडीच्या पाठीवरून हवा न सुटू देता तिला टोकापर्यंत निमुळती करत न्यायचे तर उतार थोडाच ठेवावा लागतो, साधारण दहा-पंधरा अंशांच्या आत. त्या हिशेबाने शेपूट काही मीटर लांब होते. ती गॅरेजमध्ये मावत नाही, वळणावर मागे झोकांडते, तिचे वजन वाहावे लागते आणि तिच्या टोकाच्या अरुंद जागेत सामानही ठेवता येत नाही. शुद्ध थेंबाचा आकार रस्त्यावर का टिकला नाही, त्याचे उत्तर एवढेच आहे.

इथे या पुस्तकातली माझ्या मते सर्वांत सुंदर कल्पना येते. श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक वुनिबाल्ड काम्म यांनी १९३० मध्ये वाहन आणि इंजिन संशोधनाची संस्था उभी केली. ती आजही एफकेएफएस या नावाने चालू आहे. त्यांच्याबरोबर काम करणारे राइनहार्ड फॉन क्योनिग-फाख्सेनफेल्ड यांनी यारेंचे आकार जवळून अभ्यासले होते. १९३०च्या दशकाच्या मध्यावर एका बसच्या आकारावर काम करताना त्यांच्या ध्यानात आले की शेपटीचा बहुतेक फायदा तिच्या पहिल्या भागातच पदरात पडतो. छत थोडे खाली आणले, बाजू थोड्या आत घेतल्या, प्रवाह सुटू न देता दाब शक्य तितका चढवून घेतला आणि मग उरलेली शेपूट सरळ उभी कापून टाकली, तरी अवरोधात फारसा फरक पडत नाही. कारण कापलेल्या ठिकाणी वेक सुरू होत असला तरी तो आता लहान क्षेत्राचा असतो आणि तिथला दाब बराच सावरलेला असतो. मागचे क्षेत्र गाडीच्या कमाल छेदाच्या निम्म्याच्या आसपास आले की कापायला हरकत नाही, असा ढोबळ अंदाज पुढे रूढ झाला. पेटंट क्योनिग-फाख्सेनफेल्ड यांचे, नाव मात्र पडले काम्म यांचे, कारण त्यांनी प्रायोगिक गाड्या बांधून तो विचार जगापुढे आणला. कल्पनेचा जन्म बसवर झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि प्रस्तावनेच्या शेवटी मी तिच्याकडे वळणार आहे.

युद्धानंतर ही कल्पना काही वर्षे पडून होती. इटलीने ती पुन्हा उचलली. १९६१ मध्ये झागातोने अल्फा रोमिओच्या जुलिएत्ता एसझेडची गोल पाठ लांबवून कापली. पुढच्याच वर्षी आलेली जुलिया ही चौकोनी दिसणारी कौटुंबिक सेडान होती, पण छताची मागची कड आणि डिकीचा कापलेला शेवट नीट विचारून केलेला असल्यामुळे तिचा गुणांक ०.३४ होता. नजरेला जे वेगवान दिसते आणि हवेला जे मानवते, त्यांच्यात किती अंतर असू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. अमेरिकेत पीटर ब्रॉक यांना जनरल मोटर्समध्ये असताना तिथल्या ग्रंथालयात हे जुने जर्मन संशोधन सापडले होते. त्याच्या आधारावर त्यांनी कॅरोल शेल्बीसाठी डेटोना कूपेची पाठ आखली. बघणाऱ्यांना ती अर्धवट वाटली. त्या गाडीने १९६४ मध्ये ल मांच्या शर्यतीत जीटी गट जिंकला आणि १९६५ मध्ये जीटी उत्पादकांचे जागतिक अजिंक्यपद फेरारीकडून हिरावून घेतले. सित्रोएनने तर १९७४ च्या आपल्या मोठ्या गाडीचे नावच या गुणांकाच्या फ्रेंच चिन्हावरून सीएक्स ठेवले.

शर्यतीच्या इतिहासातली आणखी एक हकीकत इथे सांगायला हवी, कारण तिच्यात या शास्त्राची पद्धत उघडी दिसते. पोर्शची ९१७ ही १९६९ ची गाडी कमालीची वेगवान होती आणि सरळ रस्त्यावरही इतकी अस्थिर, की अनुभवी चालकांना तिची धास्ती वाटे. कंपनीला अवरोध कमी हवा होता, म्हणून पाठ लांब आणि उतरती ठेवली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगच्या शर्यतमार्गावर चाचणी चालू असताना जॉन हॉर्समन या अभियंत्याने थांबलेली गाडी निरखून पाहिली. समोरच्या भागावर चिलटे चिरडून चिकटली होती. मागच्या भागावर जवळजवळ काहीच नव्हते. हवा त्या शेपटीला शिवतच नव्हती, वरून सुटून निघून जात होती. विंड टनेल नव्हते, संगणक नव्हता. तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून आखूड आणि वर चढत जाणारी नवी पाठ जोडली गेली. चालकांना गाडी लगेच ताब्यात वाटू लागली. अवरोध थोडा वाढला, पण मागची चाके आता जमिनीला धरून होती. या आखूड पाठीच्या ९१७ के गाडीने १९७० मध्ये हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूड यांच्या हाती पोर्शला ल मांचे पहिले एकूण विजेतेपद मिळवून दिले.

म्हणजे पाठीला दोन मालकांची सेवा करावी लागते. एक अवरोध, दुसरा उचल. छतावरून गुळगुळीत खाली वाहणारी हवा पाठ वर उचलते, कारण वक्र पृष्ठभागावर दाब कमी असतो. १९७२ च्या पोर्श ९११ कॅरेरा आरएसच्या मागच्या इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचवटा आला तो यासाठीच. त्याने उचल पुष्कळ घटवली आणि अवरोध वाढू दिला नाही. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या ऑडी टीटीची पाठ अतिशय सुंदर, गोल होती. जर्मन महामार्गांवर मोठ्या वेगात काही जीवघेणे अपघात झाल्यावर कंपनीने सस्पेन्शनमध्ये बदल केले, इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली दिली आणि मागे एक छोटा स्पॉयलर बसवला. आपल्याकडे दुकानातून घेऊन चिकटवले जाणारे स्पॉयलर बहुधा दिसण्यासाठी असतात. पण हॅचबॅकच्या छताला जोडून, छताच्याच रेषेत पुढे जाणारी जी कारखान्यातून येणारी पट्टी असते, ती खरोखर कामाची आहे. ती प्रवाह कुठे सुटावा हे ठरवून देते. नव्या गाड्यांच्या मागच्या दिव्यांच्या बाहेरच्या कडेला बोट लावून पाहा. बाकी सगळा कोपरा गोल असताना तिथे एक बारीक धारदार उभी रेघ सापडेल. हवेला कोपऱ्यावरून आत वळू न देता तिथेच सोडून देण्यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असते.

पाठीचे सर्वांत चकवणारे वर्तन १९७० च्या दशकात उघड झाले. फोक्सवागनमध्ये गोल्फची पहिली पिढी घडत असताना वोल्फ-हाइनरिश हुखो आणि त्यांचे सहकारी मागच्या काचेचा उतार बदलून मोजमाप घेत होते. उतार तीव्र करत नेला तसा अवरोध वाढत गेला, आणि तीस अंशांच्या आसपास एकदम कोसळला. टॉमस मोरेल यांनी १९७८ मध्ये साध्या बोथट आकारांवर हीच उडी दाखवली. १९८४ मध्ये एस. आर. अहमद, जी. राम आणि जी. फाल्टिन यांनी १०४४ मिलिमीटर लांबीचा एक अगदी साधा ठोकळा वापरला: पुढे गोल कडा, मध्ये सरळ पेटी, मागे बदलता येणारा उतार. साडेबारा अंशांना गुणांक ०.२३ होता. तीस अंशांना ०.३७८ झाला. आणि त्याच तीस अंशांना प्रवाह पूर्ण सुटल्यावर ०.२६. गाडी तीच, कोन तोच, अवरोधात एकतृतीयांशाची तफावत.

हा भाग मी पुस्तकात सर्वांत विस्ताराने लिहिला आहे, म्हणून इथे गाभाच सांगतो. तिरक्या काचेवर दाब कमी असतो, गाडीच्या बाजूंवर तुलनेने जास्त. बाजूची हवा काचेच्या दोन्ही कडांवरून वर वळते आणि विमानाच्या पंखांच्या टोकांशी होतात तसे दोन लांब, पीळदार भोवरे तयार होतात. हे भोवरे काचेवरची हवा खाली दाबून धरतात, म्हणून इतक्या तीव्र उतारावरही ती चिकटून राहते. ऐकायला हे चांगले वाटते, पण भोवऱ्यांच्या गाभ्यात दाब फार कमी असतो आणि काच मागे झुकलेली असल्यामुळे ती कमी दाबाची ओढ थेट गाडीला मागे खेचते. तीस अंश ओलांडले की भोवरे फुटतात, प्रवाह छताच्या कडेलाच सुटतो आणि सरळ उभ्या पाठीसारखा शांत वेक उरतो. प्रवाह सुटणे म्हणजे नेहमीच वाईट, असे जे पहिल्या प्रकरणात वाचकाला वाटू लागेल, त्याला इथे छेद मिळतो. ऐंशीच्या दशकापासूनच्या अनेक हॅचबॅकची पाठ एकतर बरीच उभी किंवा बरीच सपाट का आहे, ते यातून कळते. अहमद यांचा ठोकळा आज जगभरच्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा आहे. संगणकावर हवेचा प्रवाह सोडवायला शिकणारा आपल्याकडचा एमटेकचा विद्यार्थीही बहुधा त्याच ठोकळ्यापासून सुरुवात करतो.

भारतात पाठीचा आकार हवेआधी कररचनेने ठरवला. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आले आणि छोटी म्हणजे ४००० मिलिमीटरच्या आत, अशी व्याख्या झाली. इंजिनाचीही मर्यादा होती. सेडान हवी, पण चार मीटरच्या आत हवी, या अडचणीतून २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली. मारुतीची स्विफ्ट डिझायर आधी ४१६० मिलिमीटर होती, २०१२ मध्ये ती ३९९५ झाली. कापला गेला तो मागचा भाग. पुढे इंजिन आणि अपघातात चेपण्याची जागा हवी, मध्ये माणसे हवीत; कात्री चालवायला पाठच उरते. छताचा उतार जिथे सौम्य करायचा, नेमकी तीच लांबी गेली. आमच्या अभियंत्यांनी त्या साडेसोळा सेंटिमीटरच्या तुटीत छताची कड, डिकीची उंची आणि तिची धार यांतून जे मिळवता येईल ते मिळवले, आणि त्या कामाची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही असे माझे मत आहे. कायद्याने लांबी बांधली तरी अवरोधाचा एकही निकष त्याच्या जोडीला नव्हता, हे धोरण मला अपुरे वाटते.

विजेवरच्या गाड्यांनी हवेचे महत्त्व वाढवले आहे. ब्रेक लावताना त्या गतीची काही ऊर्जा परत बॅटरीत घालतात. हवेत घालवलेली ऊर्जा परत येत नाही. मर्सिडीजच्या ईक्यूएक्सएक्स या प्रायोगिक गाडीचा गुणांक ०.१७ आहे आणि एप्रिल २०२२ मध्ये ती जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनहून फ्रान्समधल्या कासीपर्यंत हजाराहून अधिक किलोमीटर एका चार्जवर गेली. वेग वाढला की तिच्या मागच्या तळाचा एक भाग २० सेंटिमीटर बाहेर सरकतो आणि वेग उतरला की आत जातो. कायमची लांब शेपूट नको, पण हवी तेव्हा हवी, असा तो तोडगा आहे. आपल्याकडे टाटांची कर्व्ह किंवा चाकणमध्ये बनणारी महिंद्राची एक्सईव्ही ९ई यांची छते मागे उतरती दिसतात, त्यामागे फॅशनइतकाच हा हिशेबही आहे.

तरीही माझा खरा जीव ट्रक आणि बस यांच्यात गुंतला आहे. कारचा अवरोध शंभर वर्षे घासून-पुसून कमी केला गेला. मालवाहू पेटी अजून पेटीच आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नासाच्या उड्डाण संशोधन केंद्रातले अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलवरून कामाला जात. बाजूने ट्रक गेला की आधी त्यांना हवेचा धक्का बसे आणि मग ट्रकच्या मागे ओढ जाणवे. आपल्याकडे महामार्गाच्या कडेने दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही. सॉल्ट्झमन आणि सहकाऱ्यांनी एका व्हॅनला सपाट ॲल्युमिनियमचे पत्रे लावून तिची धारदार कोपऱ्यांची पेटी केली आणि एकेक बदल करत मोजले. आडव्या-उभ्या सगळ्या कडा गोल केल्यावर अवरोध ५४ टक्क्यांनी उतरला आणि आतली जागा फक्त तीन टक्क्यांनी गेली. पुढच्या चाचण्यांत निमुळत्या पाठीने आणखी सुमारे १५ टक्के घटवले. मोजायची रीत साधी होती. गाडी ठरावीक वेगाला न्यायची, न्यूट्रल करायची आणि वेग किती वेळात उतरतो ते पाहायचे.

अमेरिकेत पुढे ट्रेलरच्या मागच्या दारांना घडी होणारी चार फळ्यांची निमुळती चौकट बसवली गेली. युरोपात लांबीच्या मर्यादेमुळे तसे करणे परवडत नव्हते, कारण शेपटीचा प्रत्येक सेंटिमीटर मालाच्या जागेतून कापावा लागे. २०१५ च्या निर्देशाने अशा उपकरणांना लांबीच्या हिशेबातून सवलत दिली. आपल्या रस्त्यांवर याची जशीच्या तशी नक्कल करा, असे मी म्हणणार नाही. आपल्या ट्रकचा हौदा उघडा असतो, माल फाळक्याच्या वर चढतो, ताडपत्री फडफडते आणि माल उतरवण्याच्या जागी घडीची चौकट आठवड्यात वाकेल. मालवाहू वाहनांची गतिमर्यादाही ताशी ८० ची आहे, त्यामुळे फायदा युरोपाइतका येणार नाही. पण बंद कंटेनरचे ट्रक आणि लांब पल्ल्याच्या बस यांचे तसे नाही. त्या तासन्‌तास एकाच वेगाने धावतात, त्यांची पाठ वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि छताचे शेवटचे काही फूट थोडे उतरते व बाजूंच्या मागच्या कडा थोड्या आत घेतलेल्या असल्या तर कुणा प्रवाशाचे काही बिघडत नाही. क्योनिग-फाख्सेनफेल्ड यांना बसवर सुचलेली गोष्ट बसवरच सर्वांत कमी वापरली गेली, हे मला पटत नाही.

पुढच्या प्रकरणांत गणित आहे, पण बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आठवत असेल तर ते अडणार नाही. कार, शर्यत, तीस अंशांचा कोन, धूळ आणि चिखल, मग ट्रक आणि बस, अशा क्रमाने मी गेलो आहे. ज्यांना फक्त जड वाहनांत रस आहे त्यांनी तिसऱ्या भागापासून वाचले तरी चालेल.

दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांमध्ये बसची अंगे बांधली जातात. खासगी बसबांधणी करणारेही राज्यात अनेक आहेत. त्यांना आणि वाहन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. एका बसच्या मागच्या कडांना पत्रा किंवा फायबरचा उतार तात्पुरता बसवा, परवानगी काढून बंद ठेवलेल्या सपाट रस्त्यावर वारा पडलेल्या पहाटे तिला न्यूट्रलवर सोडा, दोन्ही दिशांना वेळ मोजा, मग उतार काढून पुन्हा मोजा. फरक जो येईल तो, मोठा असो की लहान, मराठीत लिहून प्रसिद्ध करा.